०.०४ लिहिलं म्हणजे खरंच ४० मिलिसेकंद? (मानसशास्त्रीय प्रयोग, सॉफ्टवेअर आणि वेळेचा घोळ)

कुतूहलिनी (सोमवार, रात्री १०:१४)

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, आज गरजवंत म्हणून धागा काढतेय. इथे संगणकवाले पुष्कळ आहेत, मानसशास्त्रवालेही दोन-चार दिसतात, म्हणून.

पीएचडीचं काम देवनागरी शब्दवाचनावर आहे, मराठी माध्यमाची आणि इंग्रजी माध्यमाची मुलं असे दोन गट. प्रयोग असा: पडद्यावर आधी ####### अर्धा सेकंद. मग एक शब्द निमिषभर येऊन जातो, हा प्राइम. लगेच त्याच जागी दुसरा शब्द, हा टार्गेट. टार्गेट मराठीतला खरा शब्द आहे की बनावट, ते दोनपैकी एक कळ दाबून सांगायचं. प्राइम इतका झटकन जातो की बहुतेकांना मध्ये काही आलं होतं हेही सांगता येत नाही. तरीही तो टार्गेटच्या नात्यातला असेल तर उत्तर थोडं लवकर येतं. हा फरक २०-४० मिलिसेकंदांचा. सगळा प्रबंध त्या फरकावर उभा आहे.

ज्या जुन्या प्रयोगाच्या धर्तीवर हे चाललंय त्यात प्राइम ४० मिलिसेकंद होता, १०० हर्ट्झच्या जुन्या डब्बा मॉनिटरवर. आमच्याकडे साधे ६० हर्ट्झचे एलसीडी. प्रयोग सायकोपायमध्ये (असे प्रयोग चालवायचं सॉफ्टवेअर) बांधलाय. सर म्हणतात, "त्या कालावधीच्या खिडकीत ०.०४ सेकंद लिही, काम झालं." पण मैत्रिणीने हाच प्रयोग दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तोच आकडा घालून चालवला, तर तिच्याकडे प्राइम डोळ्यांना जास्तच पुसट वाटतो. असं कसं?

शिवाय कीबोर्ड विभागातलेच, सगळ्यात स्वस्त यूएसबीवाले. आणि मराठी माध्यमाची अर्धी मुलं गावाकडची आहेत, त्यांना ब्राउझरची लिंक पाठवून फोनवर करून घेऊ असं चाललंय. यातलं काय चालेल आणि काय नाही?

उगाचच (सोमवार, १०:३१)

आमच्या हापिसात ११ ची मीटिंग साडेअकराला सुरू होते आणि तुम्ही एका सेकंदाच्या पंचविसाव्या भागासाठी धागा काढताय. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

पिक्सेलपंत (सोमवार, ११:०२)

६० हर्ट्झच्या मॉनिटरवर ४० मिलिसेकंद दाखवणं अशक्य आहे. सॉफ्टवेअर कुठलंही घ्या.

पडदा सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगतो, म्हणजे दर १६.६७ मिलिसेकंदांनी एकदा. या रंगण्याला रिफ्रेश म्हणतात, आणि एका रिफ्रेशचं चित्र म्हणजे एक फ्रेम. मधे काही बदलता येत नाही. तुमच्या शब्दाला एक फ्रेम मिळेल, दोन मिळतील (३३.३) किंवा तीन (५०). चाळीस त्या रांगेत बसतच नाही.

आता मैत्रिणीचं कोडं. ०.०४ हा आकडा सॉफ्टवेअर दोन तऱ्हांनी वाचू शकतं. पहिली तऱ्हा: शब्द आल्यापासून ४० मिलिसेकंद झाले की त्यानंतरच्या पहिल्या रिफ्रेशला काढ. मग तिसरी फ्रेम पूर्ण होते, ५० मिळतात. सायकोपायच्या बिल्डरमध्ये (कोड न लिहिता प्रयोग जुळवायची सोय) सेकंदात वेळ दिली की साधारण असंच होतं. दुसरी तऱ्हा: ४० भागिले १६.६७ म्हणजे २.४, गोल करून दोन फ्रेम. ३३ मिळतात. म्हणजे खिडकीत तोच आकडा, पण तुम्ही दोघी दोन वेगळे प्रयोग करताय. तिचा प्राइम पुसट दिसणारच. एररही येत नाही, हीच मोठी पंचाईत.

म्हणून सेकंद लिहूच नका. बिल्डरमध्ये कालावधी फ्रेममध्ये देण्याची सोय आहे, तिथे ३ लिहा आणि प्रबंधात "तीन फ्रेम, ५० मिलिसेकंद, ६० हर्ट्झ" असं स्पष्ट लिहा. कोड हाताने लिहीत असाल तर नेमक्या रिफ्रेशची वेळ मागू नका, अर्धी फ्रेम आधीची मागा. १२ फ्रेमनंतर बदल हवा तर ११.५ फ्रेमची वेळ द्यायची. बरोबर काठावरची वेळ मागितली आणि एका केसाने चुकली तर गाडी पुढच्या रिफ्रेशवर जाते.

अजून एक. पडदा वरून खाली रंगतो. तळाशी असलेला शब्द माथ्यावरच्या शब्दापेक्षा जवळजवळ एक फ्रेम उशिरा उजळतो. तुमचं सगळं मधोमध असेल तर बिघडत नाही, ती अर्धी फ्रेम प्रत्येक वेळी सारखीच राहते.

कुतूहलिनी (सोमवार, ११:२०)

पंत, धन्यवाद! सरांना हे ऐकवायला धाडस लागेल. :)

सांख्यिकीकाका (मंगळवार, सकाळी ७:०५)

पंतांचं गणित बिनचूक आहे, पण पोरीला उगाच घाबरवू नका.

कीबोर्डचं घ्या. साधा यूएसबी कीबोर्ड बहुधा दर ८ मिलिसेकंदांनी एकदा विचारला जातो, की बाबा, कळ दाबली का? त्यामुळे ० ते ८ मधली कुठलीही चूक सारख्याच शक्यतेने येते. अशा चुकीचं प्रमाण विचलन ८ भागिले १२ चं वर्गमूळ, म्हणजे २.३. आता शब्द ओळखायला लागणाऱ्या वेळेचं माणसाचं स्वतःचंच विचलन १५० मिलिसेकंदांच्या घरात असतं. दोन्हींचे वर्ग करून मिळवा आणि मूळ काढा: १५०.०२. झाला किती फरक? कळ दाबल्यावर ती थरथरते, ते शमेपर्यंत कीबोर्ड थांबतो, त्यात अजून काही मिलिसेकंद जातात. ते प्रत्येक वेळी जवळपास सारखेच जातात, आणि तुम्ही दोन स्थितींतली वजाबाकी करताय. सारखी उशिराई वजाबाकीत उडून जाते.

यावर उलरिश आणि गिरे यांचा १९८९ चा लेखच आहे. वाईट घड्याळांसाठी चांगली बातमी, अशा अर्थाचं त्याचं उपशीर्षक आहे. हजारांचे कीबोर्ड घेण्यापेक्षा दहा सहभागी वाढवा.

पिक्सेलपंत (मंगळवार, ९:४०)

काका, कीबोर्डपुरतं १००% सहमत. पण हेच उत्तर प्राइमला लावू नका. कळ दाबल्याची वेळ हे मोजमाप आहे, त्यातली चूक सरासरीत विरते. प्राइम किती वेळ दिसला हे मोजमाप नाही, ती मात्रा आहे. मधेच एक फ्रेम हुकली की ५० चे ६६.७ होतात, आणि तेवढ्या वेळात पुष्कळ लोकांना तो शब्द चक्क वाचता येतो. एकदा वाचला की "नकळत" हा शब्द प्रबंधातून खोडावा लागेल. सहभागी दुप्पट केलेत तरी हे दुरुस्त होत नाही.

सांख्यिकीकाका (मंगळवार, ९:५८)

हे मान्य. मी कीबोर्डबद्दलच बोलत होतो. मात्रेची चूक वेगळी.

जुना_पास्कलवाला (मंगळवार, ११:१५)

आमच्या वेळी डॉसवर टर्बो पास्कलमध्ये हे सगळं लिहायचो. डॉसचं घड्याळ सेकंदाला १८.२ टिक, म्हणजे ५५ मिलिसेकंदांचा एक घास. त्यावर प्रतिक्रिया काय मोजणार? मग ८२५३ टायमर चिप थेट हाताळायची, तिला ११,९३,१८२ हर्ट्झचा ठोका मिळतो, त्याला हव्या त्या आकड्याने भागून मिलिसेकंद काढायचा. पडद्यासाठी व्हीजीए कार्डाच्या ३डीए पोर्टवरचा एक बिट बघत बसायचं. तो चढला की इलेक्ट्रॉनची झोत-स्वारी तळातून वर निघाली, आता रंगवा. एका वेळी एकच प्रोग्राम. मधे कोणी "अपडेट तयार आहे" म्हणून दार ठोठावणार नाही.

आता एवढी यंत्रं शक्तिमान झाली, आणि एक शब्द वेळेवर दाखवायला आधी अँटीव्हायरसचे पाय धरावे लागतात. विंडोजचं साधं टायमर आजही मुळात १५.६ मिलिसेकंदांच्या पावलाने चालतं, प्रोग्रामने मागितलं तर १ वर येतं.

बगलबच्चा (मंगळवार, ११:४०)

काका, त्या डॉसवर मराठी शब्द कसा दाखवायचात ते पण सांगा की.

जुना_पास्कलवाला (मंगळवार, ११:५२)

एकेक अक्षर चौकटीच्या कागदावर ठिपके मारून. जोडाक्षरं आली की शब्द बदलायचो.

डोक्याला_टोपी (मंगळवार, दुपारी १:१०)

ईईजी (डोक्यावर टोपी घालून मेंदूच्या विद्युत लाटांची नोंद) करते, म्हणून आयडी असा. सांख्यिकीकाकांचा हिशेब आमच्याकडे चालत नाही. मेंदूची पहिली दृश्य लाट चित्र आल्यावर साधारण १०० मिलिसेकंदांनी उठते आणि ती अरुंद असते. शेकडो वेळा चित्र दाखवून सरासरी काढायची. दर वेळी चित्र आलं की संगणक केबलीतून ईईजी यंत्राला एक खूण पाठवतो. पडदा आणि खूण यांच्यात दर वेळी वेगळं अंतर पडलं तर सरासरीत लाट पसरते आणि बुटकी होते. मग दोन गटांत फरक दिसला तर तो मेंदूतला की केबलीतला, हे सांगता येत नाही. म्हणून खूण लगेच पोचावी यासाठी आमच्या प्रयोगशाळेत अजून पॅरलल पोर्ट असलेले जुने संगणक जपून ठेवलेत, भंगारवाल्याच्या नजरेपासून लपवून.

आमच्याकडे प्रयोग चालवायला मॅटलॅब या सॉफ्टवेअरवरचा सायकटूलबॉक्स आहे. सुरू होताना तो स्वतःच मॉनिटरची परीक्षा घेतो आणि रिफ्रेश नीट पकडता आला नाही तर भलामोठा इशारा देऊन थांबतो. आणि अख्खं जग काय करतं? ती परीक्षाच वगळण्याची एक ओळ कुठून तरी चिकटवतं. दुसऱ्यांचा कोड घेतला की आधी ती ओळ शोधा.

ग्रंथकीटक (मंगळवार, ४:२५)

अवांतर होईल, पण राहवत नाही. हे दुखणं संगणकाच्या आधीचं आहे.

१७९६, ग्रिनिच वेधशाळा. राजज्योतिषी नेव्हिल मॅस्कलिन यांनी डेव्हिड किनेब्रुक या मदतनीसाला कामावरून काढलं. दुर्बिणीतल्या तारेवरून तारा कधी गेला हे घड्याळाचे ठोके कानाने ऐकत डोळ्याने टिपायचं काम. किनेब्रुकच्या नोंदी मॅस्कलिनपेक्षा ०.८ सेकंदांनी उशिरा पडत. पुढे कोनिग्सबर्गच्या बेसेल या खगोलशास्त्रज्ञाने हे प्रकरण वाचलं, नामांकित निरीक्षकांच्या नोंदी आपल्याशी ताडून पाहिल्या, तर ज्याच्या-त्याच्यात ठरावीक फरक. बिचाऱ्याची नोकरी गेली ती दोन मेंदूंच्या वेगळ्या चालीपायी. मॅस्कलिनचंच बरोबर असं कोण म्हणालं?

मग १८६८ मध्ये उट्रेख्टचे डोंडर्स. साध्या प्रतिक्रियेची वेळ निवड करायच्या प्रतिक्रियेतून वजा केली, उरलेली वेळ निवडीची. कुतूहलिनीताई आज जी वजाबाकी करतायत ती हीच. आणि लाइपझिगला वुंटच्या प्रयोगशाळेत, १८७९ पासून, हिप यांचा क्रोनोस्कोप: सेकंदाचा हजारावा भाग दाखवणारं यंत्र. काटे विद्युतचुंबकाने अडकायचे-सुटायचे, त्यामुळे प्रवाह थोडा कमीजास्त झाला की आकडा हलायचा. म्हणून शेजारी एक हातोडा ठेवलेला असे. तो ठरावीक उंचीवरून पडायला ठरावीक वेळ घेतो. रोज आधी हातोडा पाडून क्रोनोस्कोप तपासायचा, मग माणसं बसवायची. दीडशे वर्षांपूर्वी त्यांनी यंत्राच्या तबकडीवर विश्वास ठेवला नाही, आपण ०.०४ लिहून मोकळे.

आपल्याकडे हा प्रकार १९१६ मध्ये कलकत्ता विद्यापीठात नरेंद्रनाथ सेनगुप्तांनी आणला. ते हार्वर्डला म्युन्स्टरबर्गकडे शिकले, आणि म्युन्स्टरबर्ग वुंटचे शिष्य.

उगाचच (मंगळवार, ४:४०)

किनेब्रुकचं अप्रेझल वाचून डोळे पाणावले. ०.८ सेकंद!

धावपटू_निवृत्त (मंगळवार, ६:०३)

अवांतरात भर. धावण्याच्या शर्यतीत बंदुकीनंतर ०.१०० सेकंदाच्या आत ठोकळ्यावरून जोर लावलात तर फाउल स्टार्ट, कारण इतक्या लवकर ऐकून कोणी हलूच शकत नाही असं गृहीत धरलंय. आणि आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो, म्हणजे १० मीटर लांबच्या लेनला बंदूक जवळपास ३० मिलिसेकंद उशिरा ऐकू येणार. म्हणून मोठ्या स्पर्धांत प्रत्येक ठोकळ्यामागे स्पीकर असतो. ताईंनी प्रयोगात आवाज वापरला तर ब्लूटूथ हेडफोन बाद करा एवढंच सांगतो. तिथे शे-दोनशे मिलिसेकंद सहज जातात.

बगलबच्चा (मंगळवार, ६:१५)

पण त्या ०.१ च्या आत काही माणसं खरंच निघू शकतात असं नंतर कोणी दाखवलंय ना? बोल्टला २०११ मध्ये डेगूला बाहेर काढलं ते याच नियमाने का?

धावपटू_निवृत्त (मंगळवार, ६:२२)

नाही हो, तो बंदुकीच्या आधीच उठला होता. ०.१ च्या मर्यादेवर वाद आहे खरा. वेगळा धागा काढा, मी येतो.

संपादक (मंगळवार, ६:३०)

शर्यतींवरची चर्चा वेगळ्या धाग्यावर न्यावी ही विनंती.

रिकामटेकडी_वेब (मंगळवार, रात्री ९:४८)

ब्राउझरचा प्रश्न कोणी घेतलाच नाही. पोटापाण्यासाठी हेच करते.

ब्राउझरचं घड्याळ एके काळी ५ मायक्रोसेकंदांपर्यंत बारीक होतं. २०१८ च्या जानेवारीत स्पेक्टर नावाची प्रोसेसरमधली फट उघड झाली. बारीक घड्याळ हाताशी असेल तर त्या फटीतून चोरी करता येते, म्हणून सगळ्यांनी घड्याळं मुद्दाम भोंगळ केली. फायरफॉक्स आणि सफारीत आता साधारण १ मिलिसेकंदाची पायरी. त्याची चिंता नको, १ मिलिसेकंदाने तुमचा प्रबंध बुडत नाही. बुडतो तो सेट-टाइमआउट वापरून शब्द काढल्याने. ते "एवढ्या वेळाने जमेल तेव्हा" असं वचन असतं, आणि टॅब मागे गेला की सेकंदावर जातं. रिक्वेस्ट-अॅनिमेशन-फ्रेम (पुढच्या फ्रेमच्या वेळी कोड चालवणारी आज्ञा) वापरा, फ्रेम मोजा, आणि प्रत्येक फ्रेमची वेळ नोंदवून ठेवा, म्हणजे हुकलेल्या फेऱ्या नंतर गाळता येतील. सायकोपायची वेब आवृत्ती आतून असंच करते.

सायकोपायवाल्या जोनाथन पीअर्स यांच्या गटाने २०२० मध्ये पीअरजे या पत्रिकेत मोठी तुलना छापली होती. प्रयोगशाळेत सायकटूलबॉक्स, सायकोपाय, प्रेझेंटेशन आणि ई-प्राइम या चार सॉफ्टवेअरांची अस्थिरता सरासरी १ मिलिसेकंदाच्याही आत. ब्राउझरमध्ये उत्तम पॅकेजलाही काही मिलिसेकंद. मॅकवर चित्र विंडोज-लिनक्सपेक्षा वाईट.

सांख्यिकीकाका (मंगळवार, १०:०५)

ज्यांचं सॉफ्टवेअर त्यांनीच तुलना केली आणि ते पहिल्या चौघांत आलं. हलकेच घ्या.

रिकामटेकडी_वेब (मंगळवार, १०:११)

काका, त्यांनी कोड आणि डेटा खुला ठेवलाय, तपासा आणि बोला. :)

आणि फोन? सरळ नको म्हणा. आजकालचे फोन बॅटरी वाचवायला ६०, ९०, १२० हर्ट्झमध्ये आपल्या मर्जीने उड्या मारतात. १२० वर पाच फ्रेम म्हणजे ४१.७, ६० वर तीन म्हणजे ५०. त्याच फोनवर, त्याच मुलीला, दोन मात्रा. टचस्क्रीनला बोट लागल्यापासून ब्राउझरला कळेपर्यंत कित्येक दहा मिलिसेकंद जातात आणि ते फोनागणिक वेगळे.

सांख्यिकीकाका (मंगळवार, १०:३७)

फोनबद्दल मीही नको म्हणेन, पण कारण दुसरं. ताईंच्या मांडणीत मराठी माध्यमवाले अर्धे गावाकडून फोनवर आणि इंग्रजी माध्यमवाले शहरात लॅबमध्ये. म्हणजे माध्यमाबरोबर यंत्रही बदलतंय. उद्या मराठी माध्यमाची मुलं ६० मिलिसेकंदांनी मंद दिसली तर ते वाचनाचं का फोनचं? मी आधी म्हणालो की सारखी उशिराई वजाबाकीत उडते. ती एकाच माणसाच्या दोन स्थितींत उडते. दोन गटांत यंत्रं वेगळी असली की ती गटाच्या नावावर जमा होते. आणि मग कोणी तरी बातमी छापतं की अमुक माध्यमाची मुलं मंद.

कुठलंही यंत्र वापरा, दोन्ही गटांना एकच द्या. एक लॅपटॉप घेऊन गावी जा. एसटीने जाता येतं.

कुतूहलिनी (मंगळवार, १०:५२)

काका, हे वाचून पोटात गोळा आला. हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात नव्हतं. फोन रद्द. लॅपटॉपसाठी विभागाकडे अर्ज करते.

सोल्डरगन (बुधवार, सकाळी ८:२०)

सगळे सांगतायत "असं होऊ शकतं". मोजा ना! डायोड लावा.

सामान: एक आर्डुइनो उनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड), बीपीडब्ल्यू३४ फोटोडायोड (उजेड टिपणारा), एक रोधक, दोन वायरी, काळी चिकटपट्टी. पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका फेरीत मिळेल. प्रयोगात एक छोटी चौकट वाढवा, पडद्याच्या कोपऱ्यात: प्राइम असेल तेव्हाच पांढरी, एरवी काळी. डायोड त्या चौकटीवर पट्टीने चिकटवा, बाहेरचा उजेड आत जाता कामा नये. आर्डुइनोला वाचायला लावा आणि उजेड चढल्या-उतरल्याची वेळ मायक्रोसेकंदात छापा (उनोवर ४ मायक्रोसेकंदांची पायरी, तुम्हाला भरपूर). शंभरेक फेऱ्या चालवून आकडे एक्सेलमध्ये टाका. ट्यूबलाइट बंद ठेवा, नाहीतर तिचाच नाच मोजाल. चौकट कोपऱ्यात आणि शब्द मधोमध, त्यामुळे पंतांनी सांगितलेली अर्धी फ्रेम पुढेमागे होईल, पण कालावधी तोच राहील.

खिशात_फोन (बुधवार, ९:०२)

एवढंही नको असेल तर फोनचा स्लो-मोशन कॅमेरा. २४० फ्रेमवाला असेल तर एक चित्र ४.२ मिलिसेकंदांचं. बोट आणि पडदा एकाच चौकटीत धरा, कळ दाबताना शूट करा, नंतर चित्रं मोजा. कळ खाली टेकल्यापासून पडदा बदलेपर्यंत किती ते ढोबळ कळतं. डायोडची सर नाही, पण सरांना दाखवायला व्हिडिओ फार उपयोगी पडतो.

अनुस्वार (बुधवार, ११:३३)

देवनागरीबद्दल दोन गोष्टी. शब्द ऐन वेळी फॉन्टमधून काढायला लावू नका. मजकूर बदलणं सायकोपायमध्ये मुळात संथ आहे, आणि जोडाक्षरं रचायला अजून वेळ. फ्रेम तिथेच हुकते. शिवाय अक्षरजोडणी न जाणणारं टेक्स्ट इंजिन असेल तर "किल्ला" ची पहिली वेलांटी क नंतर जाऊन बसते आणि ल्ल चा पाय मोडतो. सहभागी बनावट शब्द समजून कळ दाबेल आणि तुम्ही त्याला चूक धराल. सगळे शब्द आधी चित्रं करून ठेवा, प्रयोगाच्या सुरुवातीला मेमरीत चढवा, दाखवायच्या वेळी फक्त पालटा.

दुसरं: पुढे कधी शब्द मोठ्याने वाचून घ्यायचा प्रयोग केलात तर मायक्रोफोनच्या व्हॉइस-कीवर (आवाज आला की वेळ नोंदवणारी कळ) विसंबू नका. "पाणी" चा प फुटल्याबरोबर ती चालू होते, "साखर" चा स हळू सुरू होतो, ती पुढचा आ येईपर्यंत झोपलेली असते. मग साखर पाण्यापेक्षा उशिरा ओळखली जाते असा शोध लागतो. आवाज रेकॉर्ड करून प्राट या ध्वनी तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये लहरी बघून सुरुवात काढा. कंटाळवाणं आहे, पण खरं आहे.

उगाचच (बुधवार, ११:४१)

प्रबंधाचं शीर्षक मिळालं: "साखर पाण्यापेक्षा मंद का?"

कुतूहलिनी (शनिवार, रात्री ९:१५)

मंडळी, मोजलं! सोल्डरगन, दंडवत. डायोड तपकीर गल्लीतूनच आणला. दुकानदाराने "कुठला प्रोजेक्ट, इंजिनिअरिंग का?" विचारलं, मानसशास्त्र म्हटल्यावर उधारीवर देत होता.

०.०४ लिहून चालवलं: ५०. पंत बरोबर. मग फ्रेममध्ये ३ लिहून: तेच ५०, पण मधूनमधून ६६.७. कारण सापडेना. अँटीव्हायरस बंद केला, इंटरनेट काढलं, शब्दांची चित्रं केली. बरंच कमी झालं, तरी एखादा यायचाच. शेवटी लॅबच्या दादांच्या लक्षात आलं की संगणकाला मागून वर्गातला प्रोजेक्टर कायम जोडलेला असतो, तोच पडदा तिकडेही जातो. प्रोजेक्टरची केबल काढली आणि ६६.७ नाहीसे झाले.

सरांना आलेख दाखवला. शांतपणे पाहिला, म्हणाले, "उत्तम. पण मूळ प्रयोगात ४० आहेत, मला ४० च हवेत. ५० वर परीक्षक प्रश्न काढतील." आता आली का पंचाईत?

पिक्सेलपंत (शनिवार, ९:३०)

१०० हर्ट्झचा जुना मॉनिटर शोधा किंवा १४४ वाला गेमिंग घ्या. १४४ वर सहा फ्रेम म्हणजे ४१.७. नेमके ४० नाहीतच, पण जवळ.

जुना_पास्कलवाला (शनिवार, ९:४४)

डब्बा मॉनिटर आहे माझ्याकडे, सुस्थितीत. हिच्या विरोधाला न जुमानता ठेवलाय. पुण्यात येऊन न्यायचा असेल तर दोन माणसं आणा.

चष्मिस (शनिवार, १०:०८)

पहिल्यांदाच लिहितोय, मॉनिटर दुरुस्त करतो. तुमच्या एलसीडीच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ७५ हर्ट्झचा पर्याय दिसतो का बघा. बऱ्याच साध्या ऑफिस मॉनिटरला असतो, कोणी बदलत नाही. ७५ ला एक फ्रेम १३.३३ ची. तीन फ्रेम म्हणजे बरोब्बर ४०.

पिक्सेलपंत (शनिवार, १०:१०)

अरे वा! एवढं लिहिलं मी आणि ७५ ने भागून बघितलं नाही.

सोल्डरगन (शनिवार, १०:१९)

चष्मिस +१. पण काही मॉनिटर ७५ घेतो म्हणतात आणि आत गुपचूप फ्रेम गाळतात. डायोड काढू नका.

कुतूहलिनी (सोमवार, दुपारी १२:४०)

यादीत ७५ आहे! लावलं, तीन फ्रेम, डायोडवर सगळे आकडे ४० च्या आसपासच, गाळलेली फ्रेम एकही नाही. ####### चा अर्धा सेकंद आता ३७.५ फ्रेम होतो, तो ३८ केला, ५०६.७. सरांना सांगितलं तर म्हणाले, "मग मी काय म्हणत होतो?"

लॅपटॉपचा अर्ज पुढे गेलाय. पण लॅपटॉपचे पडदे ६० वरच अडकलेले निघाले. आता मॉनिटरच गावी न्यायचा विचार आहे, दोन्ही गटांना तोच. एसटीच्या डिकीत २२ इंची एलसीडी कोणी नेलाय का, कसा बांधायचा?

चष्मिस (सोमवार, १२:५५)

मूळ खोक्यात, थर्माकोलसकट. खोका टाकला असेल तर दोन गोधड्यांत, पडद्याच्या बाजूला पुठ्ठा लावून. आडवा झोपवू नका, उभाच ठेवा. डिकीत नको, मांडीवर घ्या.

सांख्यिकीकाका (सोमवार, १:१०)

आणि गावात वीज कधी जाते ते आधी विचारून ठेवा.